काळ्या पैंजणांतली ८७ टक्के चांदी

गौरी यायच्या दोन दिवस आधी ट्रंकेतला डबा निघतो आणि दरवर्षी तेच दिसतं. पुतळ्यांची माळ, ठुशी ठेवल्या होत्या तशाच पिवळ्याधमक. तोडे, साखळ्या आणि चांदीचा कमरपट्टा मात्र काळेठिक्कर. मग कुणीतरी टूथपेस्ट आणि जुना ब्रश आणतं, घासाघाशी होते, दहा मिनिटांत फडकं काळं आणि चांदी लख्ख! सगळे खूश. त्या फडक्याबरोबर काय धुऊन गेलं, हे मात्र कुणी विचारत नाही.

हवेतल्या ऑक्सिजनला चांदी सहसा दाद देत नाही. तिचं वाकडं आहे ते गंधकाशी. गटारातून, कुजणाऱ्या पाल्यातून, कारखान्यांतून हायड्रोजन सल्फाइड नावाचा वायू हवेत येतो. त्याचं प्रमाण अगदी नगण्य असतं, पण चांदीला तेवढा पुरतो. दमट हवेत हे काम आणखी वेगाने होतं, म्हणून पावसाळा काढून भाद्रपदात उघडलेला डबा असा दिसतो. चांदीवर सिल्व्हर सल्फाइडचा थर चढतो. थर पातळ असताना तो पिवळसर दिसतो, मग तपकिरी, शेवटी निळसर काळा. रस्त्यावरच्या पाण्यात पेट्रोल सांडलं की जे रंग दिसतात, त्याच जातीचे हे सुरुवातीचे रंग: थराची जाडी बदलली की रंग बदलतो.

पैंजण काळे पडले की ‘अंगात उष्णता वाढलीय’ असं म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. घामातल्या आणि त्वचेवरच्या गंधकयुक्त द्रव्यांनी चांदी काळवंडते, हे खरं. पण मग ट्रंकेतल्या, वर्षभर कुणी न घातलेल्या कमरपट्ट्याला कुणाची उष्णता बाधली?

आता त्या फडक्याकडे वळू. सिल्व्हर सल्फाइडमध्ये गंधकाच्या एका अणूमागे चांदीचे दोन अणू असतात. चांदीचा अणुभार साधारण १०८, गंधकाचा ३२. म्हणजे २४८ भागांत २१६ भाग चांदी, ८७ टक्के! आपण ज्याला मळ म्हणतो, ती बहुतांशी चांदीच असते. शिवाय टूथपेस्टमधली घासणारी पूड दातांसाठी बनवलेली. काठिण्याच्या मोह्स मापनात दाताचं आवरण ५ वर, चांदी आणि सोनं अडीच ते तीनच्या दरम्यान. त्यामुळे काळ्या थराखालची चांगली चांदीही थोडी खरवडली जाते. एका वेळी जाते ती नगण्य, हे मान्य. पण आजीच्या तोड्यांवरची नक्षी गुळगुळीत झाली ती अशीच, दरवर्षी थोडी थोडी.

चांदी खरवडण्याऐवजी गंधकच काढून घेता आला तर? तो येतो, आणि सामान स्वयंपाकघरातलंच लागतं. काचेच्या किंवा प्लास्टिकच्या भांड्यात तळाला पोळ्या गुंडाळायची ॲल्युमिनियमची फॉइल अंथरायची, त्यावर दागिने ठेवायचे, लिटरभर कडकडीत पाण्यात तीन-चार चमचे खाण्याचा सोडा विरघळवून वर ओतायचं. दागिना फॉइलला टेकलेला हवा, कारण ॲल्युमिनियमकडून इलेक्ट्रॉन चांदीकडे जातात ते त्या स्पर्शातून. इलेक्ट्रॉन मिळाले की चांदी गंधकाला सोडते आणि जागच्या जागी पुन्हा धातू होते. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचं चिवट कवच असतं. ते फोडायचं आणि पाण्यातून विजेला वाट द्यायची, ही सोड्याची कामं. थोड्याच वेळात कुजक्या अंड्यासारखा वास येतो. पावसाळाभर चांदीने धरून ठेवलेला गंधकच तो, पुन्हा वायू होऊन निघालेला. खिडकी उघडी ठेवा. परत बसलेली चांदी जरा मंद दिसते. मऊ कापडाने हलकं पुसलं की झालं.

‘ऑक्सिडाइज्ड’ चांदीवर मात्र हा प्रयोग नको. हे नावच मुळात फसवं आहे. तिथे नक्षी उठून दिसावी म्हणून खाचांमध्ये मुद्दाम बसवलेला काळा थर बहुधा सल्फाइडचाच असतो. सोड्याच्या पाण्याला हौसेचा काळा आणि नकोसा काळा यांतला फरक कसा कळणार!

सोन्याची गोष्ट वेगळी. ९१६ च्या दागिन्यात ९१.६ टक्के सोनं असतं, बाकी तांबं, चांदी वगैरे. सोनं स्वतः काळवंडत नाही, त्याच्यावर थर बसतो तो तेलाचा, हळदकुंकवाचा आणि साबणाचा. बोअरिंगच्या जड पाण्यातलं कॅल्शियम साबणाशी मिळून न विरघळणारा चिकटा तयार करतं, बादलीच्या कडेला बसतो तोच. म्हणून अशा पाण्यात सोनं साबणाने धुतलं की एक थर जातो आणि दुसरा बसतो. सोनार पिढ्यान्‌पिढ्या रिठ्याचं पाणी वापरत आले, ते उगाच नाही. रिठ्यातलं सॅपोनिन फेस करतं, तेल सोडवतं आणि कॅल्शियमच्या नादी लागत नाही. रात्री भिजवलेले दोन-तीन रिठे, कोमट पाणी, लहान मुलांचा मऊ ब्रश. मला तरी याहून चांगलं काही सापडलेलं नाही. धुताना खाली वाडगं घ्या, बेसिन नको. कोल्हापुरी साजाचे पोकळ मणी लाखेने भरलेले असतात आणि गरम पाण्यात लाख मऊ पडते, तेव्हा तो फक्त पुसावा.

दारावर दागिने उजळून द्यायला येणाऱ्यांच्या वाटीत मात्र रिठा नसतो. नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक ही आम्लं एकेकटी सोन्याला हात लावू शकत नाहीत. एकत्र आली की त्यांचं आम्लराज होतं आणि त्यात सोनं विरघळतं. दागिना झगझगीत होऊन हातात येतो, वजनातला फरक त्या वाटीत राहतो.

राहिली नथ. मोती म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, खडूच्या कुळातलं. लिंबू, चिंच, व्हिनेगर लागलं की त्याची झळाळी जाते आणि ती परत येत नाही. ओलसर मऊ कापडाने पुसायचा आणि वाळला की डबीत ठेवायचा, एवढंच.

गौरी गेल्यावर डबा भरताना चांदी कोरडी करून घट्ट बंद होणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीत घालावी. आणि रबरबँड लावू नये, रबर टिकाऊ व्हावं म्हणून त्यात गंधक घातलेला असतो. मागच्या वर्षी साखळ्या गुंतू नयेत म्हणून मीच एक गुंडाळला होता. यंदा रबरबँड तुटून पडलेला निघाला, आणि साखळ्यांवर बरोबर त्याच जागी काळा पट्टा.