किशोरवयातील उंचीवाढ

उंचीवाढ, किशोरवयीन : वयात येण्याच्या सुमारास उंची झपाट्याने वाढते आणि पुढे काही वर्षांतच कायमची थांबते, त्या प्रक्रियेला हे नाव आहे. मुलींमध्ये ही वाढ साधारणपणे ९–१० व्या वर्षी सुरू होऊन १५–१६ पर्यंत आटोपते. मुलग्यांमध्ये ती ११–१२ व्या वर्षी सुरू होते आणि १७–१८ पर्यंत चालते. माणसाची उंची किती होईल याची कमाल मर्यादा बऱ्याच अंशी आनुवंशिकता ठरवते. त्या मर्यादेपर्यंत तो पोचतो की दोन-चार बोटे खालीच राहतो, हे मात्र पोषण, आजारपण आणि झोप यांच्यावर अवलंबून असते. प्रस्तुत नोंदीत या प्रक्रियेचा विचार पालघर ते सिंधुदुर्ग या किनारपट्टीच्या संदर्भात केला आहे.

हाडे कशी लांबतात : मांडी, पोटरी, दंड यांतील लांब हाडांच्या टोकांजवळ कूर्चेचा पातळ थर असतो, त्याला वाढपट्टी म्हणतात. तेथे नव्या कूर्चापेशी तयार होतात, फुगतात आणि मागे त्यांचे हाड बनत जाते. मेंदूच्या तळाशी असलेल्या पोषग्रंथीतून (पिट्यूटरी) स्रवणारे वाढसंप्रेरक (संप्रेरक म्हणजे हॉर्मोन), गळ्यातील अवटू ग्रंथीचे (थायरॉइड) संप्रेरक आणि वयात येताना वाढणारी लैंगिक संप्रेरके मिळून हे काम चालवतात. यातली गंमत अशी, की वाढीला वेग देणारे इस्ट्रोजेन हे लैंगिक संप्रेरकच शेवटी वाढपट्टी बुजवते, आणि तेही मुली व मुलगे दोघांमध्ये. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका वैद्यकीय अहवालातील २८ वर्षांच्या पुरुषाच्या शरीराला इस्ट्रोजेनचा संदेश पोचतच नव्हता. त्याची उंची २०४ सेंमी. होती आणि त्या वयातही ती वाढतच होती. वाढपट्टी एकदा हाडात मिसळली, की कोणतेही औषध किंवा व्यायाम ती पुन्हा उघडू शकत नाही.

वेग आणि क्रम : शाळकरी वयात मूल वर्षाला ५–६ सेंमी. वाढते. वयात येताना मुलींचा वेग वर्षाला ८ सेंमी.च्या आसपास जातो, मुलग्यांचा ९–१० सेंमी.पर्यंत. मुलींची ही भर साधारण ११–१२ व्या वर्षी येते, मुलग्यांची दोन वर्षांनी. म्हणून सहावी-सातवीच्या वर्गात मागच्या बाकांवर मुली बसतात आणि दहावीच्या निरोप समारंभाच्या फोटोत तीच रांग उलटी झालेली दिसते. आधी पावले लांबतात, मग पाय, धड सर्वांत शेवटी. जूनमध्ये घेतलेली पावसाळी चप्पल गणपतीपर्यंत तोकडी होऊ लागली, तर पोर वाढीला लागले असे समजावे.

न्हाण आले की उंची थांबते, असा घरोघर समज आहे. तो अर्धाच खरा आहे. पाळी सुरू होते तेव्हा सर्वाधिक वेगाचा काळ सरलेला असतो हे बरोबर, पण त्यानंतरही सरासरी ५–७ सेंमी. वाढ होते. थोडक्यात, मुलींच्या उंचीची निर्णायक वर्षे चौथी ते सातवीची. आणि नेमक्या त्याच वयात तिच्या ताटाकडे कोणी फारसे पाहत नाही.

आनुवंशिकता : उंचीतील फरकांपैकी सुमारे ८० टक्के वाटा आनुवंशिकतेचा मानतात. त्यासाठी कोणतेही एक जनुक जबाबदार नसते. २०२२ मध्ये ५० लाखांहून अधिक लोकांच्या माहितीवरून झालेल्या अभ्यासात उंचीशी निगडित सुमारे १२,००० जनुकीय फरक आढळले. अंदाजासाठी डॉक्टर सोपे गणित वापरतात : आईवडिलांच्या उंचीची बेरीज करून मुलग्यासाठी त्यात १३ सेंमी. मिळवायचे, मुलीसाठी १३ वजा करायचे आणि निम्मे करायचे. वडील १६८ व आई १५१ सेंमी. असतील तर मुलगा १६६ आणि मुलगी १५३ च्या आसपास, दोन्ही बाजूंना आठेक सेंमी. इकडेतिकडे धरून. या गणितात एक खोच आहे. आईवडील स्वतःच उपासमारीत वाढलेले असतील तर त्यांची उंची त्यांच्या कुळाची खरी मर्यादा दाखवत नाही. १८९६ मध्ये जन्मलेल्या दक्षिण कोरियन स्त्रियांपेक्षा १९९६ मध्ये जन्मलेल्या तेथील स्त्रिया सरासरी २० सेंमी.ने उंच निघाल्या. शंभर वर्षांत जनुके बदलत नाहीत. बदलले ते अन्न, पाणी आणि औषधपाणी.

कोकणातील आहार : किनाऱ्यावरच्या स्वयंपाकघरात हाडांना लागणाऱ्या बऱ्याच गोष्टी आहेत. कॅल्शियमची रोजची गरज १३–१५ वर्षे वयात १,००० मिग्रॅ. आणि १६–१८ मध्ये १,०५० मिग्रॅ. मानली जाते. नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात सुमारे ३५० मिग्रॅ. कॅल्शियम असते, तेवढ्याच दुधात १२० च्या आसपास. नाचणीतले सगळे शरीराला मिळत नाही. मोड आणून सत्त्व काढले तर अधिक मिळते. तरीही दूध बेताचेच असलेल्या प्रदेशात दोन भाकऱ्यांचे मोल मोठे. कोकण कपिला ही इथली गाय अंगाने लहान आणि दुधाला कमी. आज बहुतेक घरांत घाटावरून येणारे पिशवीचे दूध चहात जाते. बांगडा, तारली, मांदेली यांतून प्रथिने मिळतात, समुद्री मासळीतून आयोडीनही. जवळा सालीसकट आणि मांदेली काट्यांसकट खाल्ली जाते, त्यामुळे कॅल्शियमही पोटात जाते. शाकाहारी घरांत प्रथिनांचा भार कुळथाची पिठी, चवळी आणि वाल यांच्यावर पडतो.

पण जुन्या आहाराचे गोडवे गाताना एक गोष्ट विसरली जाते : हे सगळे पुरेसे असायचे ते मोजक्याच घरांत. बाकीच्यांची पावसाळ्यातली न्याहारी म्हणजे पातळ पेज आणि तोंडाला मिठाचा खडा किंवा सुक्या माशाचा तुकडा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, पाठोपाठ श्रावण येतो. म्हणजे शाळेचे पहिले तीन महिने कित्येक मुलांना ताजी मासळी मिळत नाही. आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीची, बेगमी म्हणून भरून ठेवलेले सुकट, सुके बोंबील हाच तेव्हा आधार असतो, आणि तो मुळीच कमी प्रतीचा नाही. दुसरा बदल जमिनीतला. १९९० पासून रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेने आंबा-काजूची कलमे वरकस (डोंगरउताराच्या हलक्या) जमिनीवर चढली आणि नाचणी-वरी मागे हटली. घरात पैसा आला हे चांगलेच झाले; पण त्या पैशाने मुलांच्या न्याहारीला चहा-खारी आणि वेफर्सची पाकिटे आणली. सकाळची एसटी गाठायची म्हणून चहावर निघालेले पोर दुपारच्या डब्यापर्यंत जवळजवळ उपाशीच असते. शालेय पोषण आहारात सहावी ते आठवीसाठी ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिने ठरवलेली आहेत. नववीपासून तो आधार सुटतो, आणि मुलग्यांची भर बहुधा तेव्हाच येते.

पोटातल्या जंतांचा वाटाही मोठा आहे. दमट, सावलीच्या मातीत अंकुशकृमी फोफावतो आणि वाडीतून अनवाणी फिरणाऱ्याच्या तळव्यातून शरीरात शिरतो. तो रक्त शोषतो. रक्तक्षय झालेल्या मुलाची भूक मंदावते, आजारपणे वाढतात. २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनी १–१९ वर्षे वयोगटाला अल्बेंडाझोलची गोळी दिली जाते, आणि शाळांतून लोह-फॉलिक आम्लाची निळी गोळी आठवड्याला एक. या गोळ्या दप्तरातच राहतात, हे कोणताही शिक्षक सांगेल.

रायगडमधील कातकरी आणि पालघरमधील जव्हार-मोखाड्याची मुले यांची गोष्ट वेगळी लिहावी लागते. तेथे खुजेपण पहिल्या दोन वर्षांतच पक्के होते आणि किशोरवयात त्यातले थोडेच भरून निघते. कातकरी कुटुंबे वीटभट्टी-कोळसाभट्टीवर स्थलांतर करतात, तेव्हा शाळेबरोबर शाळेतले जेवणही सुटते. कमी वयात लग्न आणि बाळंतपण झाले तर मुलीचे शरीर स्वतःच्या वाढीसाठीचे अन्न गर्भाला देते.

भरती आणि भ्रामक उपाय : कोकणात उंचीचा प्रश्न ऐरणीवर येतो तो पोलीस भरतीच्या वेळी. शिपाईपदासाठी पुरुषांना १६५ आणि महिलांना १५५ सेंमी. उंची लागते. एका सेंटीमीटरने बाहेर पडलेली मुले मग वाळूवर धावतात, आंब्याच्या फांदीला लोंबकळतात आणि उंची वाढवणाऱ्या पावडरींवर पैसे घालतात. अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी यातल्या कशाचाही उपयोग नसतो. गिऱ्हाईक मिळते ते वाढपट्ट्या मिटल्यावरच, हे या धंद्याचे मर्म. लोंबकळल्याने मणक्यांमधल्या चकत्या तात्पुरत्या मोकळ्या होतात, इतकेच. रात्रीच्या झोपेनंतर सकाळी माणूस संध्याकाळपेक्षा एक-दीड सेंमी. उंच भरतो, तेही याच कारणाने. वाढत्या वयात घेतलेली शरीर कमावण्याची स्टेरॉइडे तर वाढपट्ट्या वेळेआधी बुजवतात. उलट कबड्डीने किंवा नीट शिकून उचललेल्या वजनाने उंची खुंटते, ही भीती निराधार आहे. वाढसंप्रेरक गाढ झोपेत सर्वाधिक स्रवते. रात्री दोनपर्यंत मोबाइल चालू ठेवणाऱ्याला हे सांगणे पावडरीपेक्षा स्वस्त पडेल.

केव्हा तपासावे : उंची दर सहा महिन्यांनी, अनवाणी, टाचा भिंतीला टेकवून, शक्यतो एकाच प्रहरी मोजावी. एका मोजणीपेक्षा दोन मोजण्यांमधला फरक अधिक बोलतो. वयात येण्यापूर्वी वर्षाला ४ सेंमी.हून कमी वाढ, १३ वर्षांपर्यंत मुलीत किंवा १४ पर्यंत मुलात वयात येण्याची कोणतीच खूण नसणे, किंवा मुलीत ८ आणि मुलात ९ वर्षांच्या आत ती दिसणे, ही डॉक्टरांकडे जाण्याची कारणे. लवकर वयात आलेले मूल आधी सर्वांत उंच दिसते, म्हणून घरचे निर्धास्त असतात, पण शेवटी ते ठेंगणे राहते. डाव्या मनगटाच्या एक्स-रेवरून हाडांचे वय कळते. अवटूची रक्ततपासणी तालुक्याच्या गावी होते. पुढच्या तपासण्यांसाठी उत्तर कोकणातील लोक मुंबई गाठतात, सिंधुदुर्गातील बरेच जण गोव्यात बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात जातात. पुष्कळ मुलांत निदान निघते ते केवळ उशिरा येणाऱ्या वाढीचे, बहुधा वडिलांसारखेच. अशी मुले कॉलेजात गेल्यावर बरोबरीच्यांना गाठतात. प्रयोगशाळेत तयार केलेले वाढसंप्रेरक १९८५ पासून उपलब्ध आहे. त्याची इंजेक्शने वर्षानुवर्षे घ्यावी लागतात, खर्चही मोठा असतो, आणि संप्रेरकाची कमतरता, टर्नर लक्षणसमूह (मुलींमधील एक गुणसूत्रदोष) अशा ठरावीक विकारांतच, तेही वाढपट्ट्या उघड्या असेपर्यंत, ती दिली जातात.