दुसऱ्या लग्नाचं घर आणि वारसाहक्क: मृत्युपत्र, नॉमिनी, वारस नोंद यात अर्ज कुठे अडतो

पहिल्या पत्नीची दोन मुलं, दुसऱ्या पत्नीने सोबत आणलेली मुलगी आणि दोघांचा मिळून एक मुलगा. घरात चौघं एका पंक्तीला जेवतात. घरातला माणूस मृत्युपत्र न करता गेला की मात्र तलाठी कार्यालयात, बँकेत आणि सोसायटीत चौघांना एकच नियम लागत नाही. असे अर्ज परत येतात ते बहुतेक वेळा त्याच त्या कारणांनी, म्हणून ती कारणंच आधी सांगतो.

आधी वारस कोण ते बघू. हिंदू, बौद्ध, जैन, शीख यांना १९५६ चा हिंदू वारसा कायदा लागू आहे. वरच्या घरातला माणूस गेला आणि त्याची आई हयात असेल, तर त्याच्या मिळकतीचे पाच समान हिस्से पडतील: विधवा, आई, पहिल्या लग्नाची दोन मुलं आणि दुसऱ्या लग्नाचा मुलगा. सोबत आलेल्या मुलीला यात काही नाही. तिला त्याने बोट धरून शाळेत सोडलं असेल, तिच्या फीच्या पावत्यांवर त्याची सही असेल, तरी नाही. उलट बाजूनेही तसंच. सावत्र आई ही सावत्र मुलाच्या पहिल्या वर्गातल्या, म्हणजे सगळ्यात आधी हिस्सा मिळणाऱ्या, वारसांत येत नाही.

बाईच्या मिळकतीचा हिशेब थोडा वेगळा आहे. तिच्या मागे तिचा नवरा आणि तिची स्वतःची मुलं, मग ती कोणत्याही लग्नाची असोत, सारखे हिस्सेदार होतात. तिला स्वतःचं मूल नसेल आणि नवराही आधी गेला असेल, तर नवऱ्याकडून वारशाने आलेली मिळकत नवऱ्याच्या वारसांकडे, म्हणजे सावत्र मुलांकडे जाते. तिच्या भावाकडे नाही. माहेरचे लोक इथे हमखास गाफील राहतात.

आता अडणारे कागद.

पहिला आणि सगळ्यात मोठा: पहिलं लग्न संपल्याचा पुरावा. पहिली पत्नी वारली असेल तर मृत्यू दाखला, घटस्फोट झाला असेल तर न्यायालयाच्या हुकूमनाम्याची प्रमाणित नक्कल. लोक घेऊन येतात ती स्टॅम्प पेपरवरची, नोटरीचा शिक्का मारलेली सोडचिठ्ठी. ती चालत नाही. एखाद्या समाजात घटस्फोटाची रूढी असेल तर कायदा ती मानतो, पण रूढी आहे हे न्यायालयात सिद्ध करावं लागतं. तलाठी ते ठरवू शकत नाही. पहिलं लग्न कायम असताना केलेलं दुसरं लग्न शून्यवत, म्हणजे कायद्याच्या नजरेत झालेलंच नसतं आणि त्या पत्नीला वारसाहक्क मिळत नाही. तिच्या मुलांचं तसं नाही. अशी मुलं आईवडिलांच्या मिळकतीत हक्कदार आहेत, आणि वडिलांच्या वाट्याला येणाऱ्या वडिलोपार्जित हिश्शातही, हे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केलं. त्यामुळे ‘लग्नच खोटं, मग पोरं कसली’ असं म्हणत त्यांची नावं गाळू नका. अर्ज तिथेच फुटतो.

हुकूमनामा सापडत नसेल तर ज्या न्यायालयाने तो दिला तिथल्या नक्कल विभागात अर्ज करायचा. दाव्याचा क्रमांक आणि वर्ष माहीत असेल तर काम सोपं. नसेल तर जुन्या वकिलाला गाठा. हे माणूस हयात असताना करा. त्याच्या मागे दुसरी पत्नी पहिल्या पत्नीच्या दाव्याचा नंबर शोधत फिरते, आणि तो सांगायला कोणी तयार नसतं.

दुसरा अडथळा नावांचा. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं. सोबत आलेल्या मुलीच्या जन्मदाखल्यावर जन्मदात्याचं नाव, आधारवर सावत्र वडिलांचं, शाळेच्या दाखल्यावर आणखी तिसरं काही. अनेकांचा ठाम समज असतो की राजपत्रात नाव बदलून घेतलं म्हणजे मूल कायदेशीर झालं. नाही. राजपत्राने नाव बदलतं, नातं बदलत नाही. रेशन कार्डानेही नाही. नातं बदलतं दत्तकाने. हिंदू दत्तक कायद्यात मूल साधारणपणे १५ वर्षांच्या आतलं लागतं. बाल न्याय कायद्याखालच्या सावत्र पालक दत्तकात १८ च्या आतलं, आणि तिथे आता आदेश जिल्हाधिकारी देतात. जन्मदाता हयात असेल तर त्याची संमती हा खरा घाट आहे. शिवाय दत्तक गेल्यावर मुलाचा जन्मदात्याकडचा वारसाहक्क संपतो, आधीच नावावर झालेलं तेवढं राहतं. त्याच्याकडे जमीन असेल तर सही करण्याआधी दोन रात्री विचार करा.

दत्तक जमत नसेल तर उरतं मृत्युपत्र. सावत्र मुलाला काही द्यायचं असेल तर बहुतेक घरांत हाच रस्ता आहे. स्वकष्टार्जित मिळकत कोणालाही देता येते, वडिलोपार्जित मिळकतीतला स्वतःचा हिस्साही देता येतो. संपूर्ण शेत देऊन टाकता येत नाही. बरेच जण तसं लिहितात आणि भांडण पेरून जातात.

मृत्युपत्रात ‘माझ्या सर्व मुलांना समान’ असं मोघम लिहू नका. सावत्र मूल त्यात धरायचं की नाही यावर वर्षानुवर्षं दावा चालू शकतो. त्याऐवजी असं लिहा: ‘माझी पत्नी हिला तिच्या पहिल्या विवाहापासून झालेली मुलगी, जिचं जन्मदाखल्यावरील नाव अमुक व आधारवरील नाव तमुक असून या दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे, तिला मी गट नंबर इतका यातील माझा हिस्सा देत आहे.’ कानाला जड लागतं, पण नोंद घालणाऱ्याला हेच हवं असतं. ज्याला कमी दिलं किंवा काहीच दिलं नाही त्याचंही नाव आणि एका ओळीत कारण लिहा. न लिहिलेला वारस ‘वडील शुद्धीत नव्हते’ म्हणत येतो.

आणखी एक नेहमीची इच्छा: घर पत्नीने तिच्या हयातीत वापरावं, नंतर पहिल्या लग्नाच्या मुलांना जावं. हे करता येतं, पण विक्री, गहाण, बक्षीस करण्याचा अधिकार तिला नाही, हे शब्दांत यायला हवं. ‘पोटगीपोटी’ किंवा ‘तिच्या पालनपोषणासाठी’ असे शब्द सहज घालू नका. अशा शब्दांवरून विधवेचा मर्यादित हक्क पूर्ण मालकीचा ठरल्याचे निकाल आहेत. या एका परिच्छेदासाठी तरी वकिलाची फी द्या.

मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. ज्याला मिळकत मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका, आणि दोन्ही साक्षीदार तुमच्यापेक्षा वयाने लहान बघा. नोंदणी सक्तीची नाही, मुद्रांक शुल्क लागत नाही. दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदणी फी १०० रुपये आहे, पानांचं हाताळणी शुल्क वेगळं. आधार, फोटो, साक्षीदार घेऊन जायचं. बाकी प्रक्रिया अर्ध्या दिवसाची, सर्व्हर चालू असेल तर.

दुसऱ्या लग्नाआधी केलेलं मृत्युपत्र लग्नाने आपोआप रद्द होतं असं पुष्कळांना वाटतं. ख्रिश्चन आणि पारशी व्यक्तींच्या बाबतीत ते खरं आहे, हिंदूंच्या नाही. पहिल्या पत्नीच्या नावाचं जुनं मृत्युपत्र कपाटात असेल तर ते जिवंत आहे. नव्यात ‘यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे रद्द’ हे वाक्य हवंच. मुस्लिम व्यक्तीला साधारणपणे एक तृतीयांशापलीकडे मृत्युपत्राने देता येत नाही, बाकीच्यासाठी वारसांची संमती लागते. गोव्यात वेगळा कायदा आहे आणि मुलं असतील तर तिथे अर्ध्या हिश्शावर त्यांचा राखीव हक्क असतो. महाराष्ट्रातला नमुना डाउनलोड करून म्हापशाच्या घरासाठी वापरू नका.

नॉमिनीचं थोडक्यात. सोसायटी, बँक, शेअर यांतला नॉमिनी हा मालक नसतो, वारसांच्या वतीने सांभाळणारा असतो; शेअरबाबत सर्वोच्च न्यायालयाने हे डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा सांगितलं. आयुर्विम्यात २०१५ नंतर पती, पत्नी, मुलं, आईवडील नॉमिनी असतील तर रक्कम त्यांच्या हक्काची होते. म्हणून घटस्फोटित पत्नीचं नाव पॉलिसीवर राहून गेलं असेल तर पुढचा तंटा ठरलेलाच. भविष्य निर्वाह निधीत लग्नाआधी, कुटुंब नसताना केलेलं नामनिर्देशन लग्नानंतर बाद होतं, नवीन भरावं लागतं. दुसरं लग्न झालं की त्याच महिन्यात सगळे नॉमिनी तपासा. हे काम फुकट आहे आणि तरीही कोणी करत नाही.

शेतजमिनीची वारस नोंद ई-हक्क या ऑनलाइन प्रणालीतून किंवा ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे आपल्या तलाठ्याकडे, करायची. मृत्यू दाखला, सातबारा, सर्व वारसांचं प्रतिज्ञापत्र, आधार. ‘सर्व’ या शब्दाखाली रेघ मारा. पहिल्या घरची मुलं पुण्यात राहतात, बोलणं नाही, म्हणून त्यांची नावं गाळली जातात. चौकशी होते, नोटीस निघते, हरकतीला १५ दिवस असतात. हरकत आली की प्रकरण विवादग्रस्त नोंदवहीत जातं आणि खोट्या प्रतिज्ञापत्राची डोकेदुखी वेगळी.

तीन महिन्यांच्या मुदतीने लोक उगाच घाबरतात. मिळालेल्या हक्काची वर्दी तीन महिन्यांत द्यावी असं महसूल संहिता म्हणते. उशीर झाला म्हणून वारसाहक्क जात नाही. ‘मुदत संपली, आता काही होणार नाही’ असं खिडकीवर सांगितलं गेलं तर अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. उलट फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावर नाव बदलण्याची नोंद, मंजूर झाला म्हणून मालकी पक्की झाली असंही नाही; हिश्शाचा वाद दिवाणी न्यायालयातच सुटतो. बँकेतल्या रकमेसाठी नॉमिनी नसेल तर बँक न्यायालयाचा उत्तराधिकार दाखला (सक्सेशन सर्टिफिकेट) मागू शकते, आणि तिथेही पहिल्या घरच्या मुलांना नोटीस जातेच.

नोंदणीकृत मृत्युपत्राची नक्कल ते करणारा हयात असेपर्यंत फक्त त्याला किंवा त्याच्या मुखत्याराला मिळते. मागाहून कोणीही मृत्यू दाखला जोडून मागू शकतो, पण कार्यालय कोणतं आणि वर्ष कोणतं हे कळायला हवं. दस्त क्रमांक आणि कार्यालयाचं नाव लिहिलेली चिठ्ठी दोन्ही घरच्या एकेका माणसाकडे देऊन ठेवा, मजकूर नाही सांगितला तरी चालेल.