एकात्मिक विंडोज प्रमाणीकरण

कर्मचाऱ्याने सकाळी संगणकावर विंडोजचा पासवर्ड टाकला की दिवसभर रजेचा अर्ज, स्टोअरची मागणी अशी अंतर्गत वेब अ‍ॅप्स त्याला पुन्हा पासवर्ड न विचारता ओळखतात. ही सोय ज्या पद्धतीने होते ती एकात्मिक विंडोज प्रमाणीकरण. तिला सहसा अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीचे (कंपनीची खाती आणि संगणक एका जागी सांभाळणारी मायक्रोसॉफ्टची यंत्रणा) डोमेन लागते. तिच्या मुळाशी एमआयटीच्या अथेना प्रकल्पात जन्मलेला कर्बेरॉस हा प्रोटोकॉल आहे. विंडोज २००० पासून डोमेनमध्ये तोच मुख्य मानला जातो. तो जमला नाही तर एनटीएलएम हा मायक्रोसॉफ्टचा जुना प्रोटोकॉल पुढे येतो.

ब्राउझरची पहिली विनंती निनावी असते. सर्व्हर ४०१ (आधी ओळख पटवा) हे उत्तर आणि ‘निगोशिएट’ असा हेडर पाठवतो. लॉगमध्ये दिसणारा हा ४०१ म्हणजे बिघाड नव्हे, नवखे मात्र त्याच्याच मागे लागतात. मग ब्राउझर विंडोजमार्फत डोमेन कंट्रोलरकडे (डोमेनमधली खाती तपासणारा सर्व्हर, पोर्ट ८८) त्या सर्व्हरच्या नावाचे तिकीट, म्हणजे ओळखीचा डिजिटल पुरावा, मागतो आणि विनंतीला जोडून पुन्हा पाठवतो. तिकीट सेवेच्या खात्याच्या किल्लीने कुलूपबंद असते, त्यामुळे ते फक्त ती सेवाच उघडू शकते. पासवर्ड अ‍ॅपपर्यंत जातच नाही.

आयआयएस या मायक्रोसॉफ्टच्या वेब सर्व्हरमध्ये ‘विंडोज ऑथेंटिकेशन’ चालू आणि ‘अ‍ॅनॉनिमस’ बंद करावे लागते. दोन्ही चालू राहिली तर सर्व्हर निनावी विनंतीलाच आत घेतो आणि वापरकर्त्याचे नाव रिकामे येते. एएसपी डॉट नेट या वेब अ‍ॅप लिहिण्याच्या चौकटीत नाव ‘युजर.आयडेंटिटी.नेम’मधून ‘डोमेन\खाते’ अशा रूपात घ्यायचे. ‘एन्व्हायर्नमेंट.युजरनेम’ वापरले तर प्रोग्रॅमरच्या स्वतःच्या संगणकावर सगळे बरोबर दिसते, कारण तिथे अ‍ॅप त्याच्याच खात्यावर चालते. सर्व्हरवर चढवल्यावर मात्र प्रत्येक जण अ‍ॅप्लिकेशन पूलचे (सर्व्हरवर अ‍ॅप ज्यात चालते ती प्रक्रिया) खाते होऊन बसतो.

बहुतेक अडचणी नावाच्या असतात. अ‍ॅपचा पत्ता आणि सेवा ज्या खात्यावर चालते ते खाते यांची सांगड एसपीएन (डिरेक्टरीत नोंदवलेले सेवेचे नाव) घालते. साइट एचटीटीपीएसवर असली तरी एसपीएनची सुरुवात ‘एचटीटीपी/’ अशीच होते. ‘सेटएसपीएन’ आज्ञेचा एस पर्याय नोंद करण्याआधी ती दुसरीकडे आहे का ते पाहतो. एक्स पर्याय आधीच झालेल्या दुहेरी नोंदी शोधतो. एकच एसपीएन दोन खात्यांवर असेल, तर कर्बेरॉस अडतो. पत्त्यात नावाऐवजी आयपी टाकला तर सहसा एनटीएलएमच वापरला जातो. डीएनएसमध्ये टोपणनाव असेल तर क्रोम मूळ नावाचे तिकीट मागतो, हे ध्यानात न आल्याने तास वाया जातात. घड्याळात पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक पडला तरी तिकीट नाकारले जाते.

पासवर्डची खिडकी उघडली तर आधी ब्राउझर तपासावा. पत्त्यात टिंब असेल तर विंडोज त्याला आपोआप ‘लोकल इंट्रानेट’मध्ये (विश्वासाच्या अंतर्गत साइटच्या यादीत) धरत नाही, ग्रुप पॉलिसीने (सर्व संगणकांना एकाच वेळी लागू होणारी सेटिंग) तो पत्ता त्या यादीत घालावा लागतो. फायरफॉक्सची यादी वेगळी असते. कोणते तिकीट मिळाले ते वापरकर्त्याच्या संगणकावर ‘केलिस्ट’ ही आज्ञा सांगते. ज्याचे खाते शेकडो गटांत आहे त्याचे तिकीट फुगते आणि सर्व्हर ४०० (विनंती चुकीची) देतो. बाकी सगळ्यांचे चालते, नेमके जुन्या साहेबांचे चालत नाही, ते यामुळेच. सर्व्हरवर बसून स्वतःचीच साइट नावाने उघडली आणि ४०१ आला, तर तो बहुधा लूपबॅक तपासणीचा (संगणकाने स्वतःलाच केलेली विनंती अडवणारी विंडोजची सुरक्षा) परिणाम असतो; चाचणी दुसऱ्या संगणकावरून घ्यावी.

डेटाबेसमध्ये किल्ली म्हणून खात्याचे नाव ठेवू नये. लग्नानंतर आडनाव बदलले की खात्याचे नावही बदलले जाते आणि जुन्या नोंदी पोरक्या होतात. डिरेक्टरीतला ऑब्जेक्ट जीयूआयडी (खात्याचा अंतर्गत ओळख क्रमांक) कायम राहतो. शॉप फ्लोअरवरच्या सामाईक संगणकावर ही पद्धत माणूस ओळखत नाही, सत्र ओळखते, म्हणून तिथे स्वतंत्र लॉगिन ठेवावे. अ‍ॅपमधल्या ‘लॉगआउट’ बटणालाही इथे फारसा अर्थ नसतो: पान पुन्हा उघडताच ब्राउझर तेच तिकीट पुढे करतो.