२०० मिलिसेकंदांची जवळीक

मालिका सुरू होऊन महिना-दोन महिने होतात, नायक-नायिकेचं लग्नही लागतं, तरी घरोघरी तक्रार एकच: "यांचं काही जमत नाही बाई!" दोघं दिसायला छान, अभिनय बरा, संवादांत प्रेमाची उणीव नाही, मागे बासरी वाजतेय. तरीही ही दोन माणसं एकमेकांच्या प्रेमात आहेत हे बघणाऱ्याला पटत नाही. मग कारणं शोधली जातात. सेटवर त्यांचं पटत नसेल, खऱ्या आयुष्यात प्रेम असेल तरच पडद्यावर दिसतं, वगैरे. त्यात भर म्हणून डोपामाइन, ऑक्सिटोसिन आणि फेरोमोन ही नावं पेरलेले लेख फिरत असतात. दोघांच्या शरीरातली रसायनं जुळली की पडद्यावर ठिणगी पडते, असा त्यांचा दावा.

हा दावा मुळातच टिकत नाही. टीव्हीमधून आपल्यापर्यंत फक्त दोन गोष्टी पोचतात, प्रकाश आणि आवाज. कुणाच्या रक्तातलं संप्रेरक काचेतून बाहेर येत नाही. रेशीमकिड्याच्या मादीतलं, नराला ओढून घेणारं बॉम्बिकोल हे फेरोमोन १९५९ साली ओळखलं गेलं, पण माणसात तसं काम करणारं एकही रसायन आजवर निर्विवादपणे सिद्ध झालेलं नाही. आपल्याकडे यात पत्रिकेचीही भर पडते. ३६ गुणांचा हिशेब मुख्यतः जन्मवेळी चंद्र कोणत्या नक्षत्रात होता यावर चालतो आणि चंद्र एका नक्षत्रात साधारण एक दिवस असतो. म्हणजे त्या दिवशी जगभर जन्मलेल्या लाखो माणसांचे गुण एखाद्या व्यक्तीशी जवळजवळ सारखेच जुळणार. दोन माणसांचं एकमेकांशी जमेल का, हे अशा हिशेबातून कळणं शक्य नाही.

मग प्रेक्षक ठरवतो कशावरून? नजर, चेहरा, दोघांमधलं अंतर, आवाजाची पट्टी, अशा बऱ्याच खुणा आहेत. त्यांतल्या एकीने मला गेली काही वर्षं झपाटून टाकलंय. ती म्हणजे एकाचं वाक्य संपणं आणि दुसऱ्याचं सुरू होणं यांच्यामधली फट.

नेदरलँड्समधल्या नायमेगन इथल्या मॅक्स प्लांक संस्थेतल्या टान्या स्टिव्हर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली दहा भाषांमधल्या गप्पांची चित्रणं तपासली. त्यांत इंग्रजी, इटालियन, कोरियन होत्या, तशाच मेक्सिकोतली त्सेल्ताल आणि पापुआ न्यू गिनीतल्या एका बेटावरची येली-द्न्येही होती. हो किंवा नाही असं उत्तर मागणारे प्रश्न निवडून, प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंतचा वेळ त्यांनी मोजला. सरासरी निघाली सुमारे २०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग. जपानी सगळ्यांत घाईची, सरासरी अवघी ७ मिलिसेकंद. डॅनिश सगळ्यांत संथ, तरीही अर्ध्या सेकंदाच्या आतच.

आता खरी गंमत. चित्रातली एखादी ओळखीची वस्तू बघून तिचं नाव उच्चारायला माणसाला साधारण ६०० मिलिसेकंद लागतात. शब्द आठवायचा, त्याचे ध्वनी जुळवायचे, जीभ-ओठांना आज्ञा पाठवायची, एवढ्याला तो वेळ जातो. हे झालं एका शब्दाचं. अख्खं वाक्य रचायला याहून बराच जास्त वेळ हवा. मग २०० मिलिसेकंदांत उत्तर येतं कुठून? समोरच्याचं बोलणं संपायची वाट बघत बसलो तर ते येऊच शकत नाही. तो बोलत असतानाच आपण उत्तर रचायला घेतो आणि त्याच वेळी त्याचं वाक्य नेमकं कुठे संपेल याचा अंदाजही बांधत असतो.

हे मेंदूच्या विद्युतलहरी मोजून दाखवण्यात आलं आहे. सारा ब्यॉगेल्स, लिला मद्यारी आणि स्टीफन लेव्हिन्सन यांनी २०१५ साली एक प्रश्नमंजुषा घेतली. काही प्रश्नांत उत्तराचा दुवा मध्येच येत होता, काहींत अगदी शेवटी. दुवा मध्ये आला की ऐकणाऱ्याच्या मेंदूत उत्तर रचण्याच्या खुणा सुमारे अर्ध्या सेकंदात दिसू लागत, प्रश्न अजून चालू असतानाच. वाक्याच्या शेवटाचा अंदाज कशावरून बांधतो, हे त्याआधी २००६ साली तपासलं गेलं होतं. डच ध्वनिमुद्रणांतले आवाजाचे चढ-उतार सपाट केले तरी ऐकणारे वाक्याचा शेवट तितकाच अचूक ओळखत होते. शब्द मात्र अस्पष्ट केले, चढ-उतार जसेच्या तसे ठेवले, तर अंदाज बिघडला. म्हणजे या कामात मुख्य आधार शब्दांचा आणि वाक्यरचनेचा.

मराठीत तर हे आणखी अवघड असायला हवं. "मी उद्या तुझ्याकडे येणार" इथपर्यंत ऐकलं तरी पुढे "आहे" येतंय की "नाही", हे शेवटच्या शब्दावर ठरतं. क्रियापद शेवटी ठेवणाऱ्या सगळ्या भाषांची हीच अडचण. तरी त्याच जातीची जपानी यादीत सर्वांत वेगवान आहे! तिथला ऐकणारा संदर्भावरून, माणसाच्या स्वभावावरून, आधीच्या बोलण्यावरून पुढचं ओळखत असावा. वेळेत उत्तर देण्यासाठी समोरच्या माणसाचा अंदाज असावा लागतो. झटकन आलेलं उत्तर याच कारणाने जवळिकीची खूण ठरतं.

अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या एमा टेम्पलटन आणि सहकाऱ्यांनी २०२२ साली हे थेट तपासलं. ज्या संभाषणांत उत्तरं पटापट येत होती, त्यांत बोलणाऱ्यांना एकमेकांशी जास्त जवळीक वाटली होती. पुढचा टप्पा आपल्या विषयाच्या गाभ्याचा आहे. त्यांनी संभाषणांच्या ध्वनिमुद्रणांतले शब्द आणि आवाज तसेच ठेवून फक्त मधल्या फटी कमी-जास्त केल्या आणि ती तिऱ्हाइतांना ऐकवली. फटी कमी केल्यावर त्याच बोलण्यातली माणसं ऐकणाऱ्यांना एकमेकांच्या अधिक जवळची वाटली, वाढवल्यावर दूरची. प्रेक्षक हासुद्धा तिऱ्हाईतच की.

आता आपल्या रोजच्या मालिकेचं चित्रीकरण कसं होतं ते आठवा. प्रसंग अनेकदा त्याच दिवशी हातात पडतो, तालमीला वेळ नसतो. क्लोजअप वेगवेगळे घेतले जातात, मग तिचं वाक्य आणि त्याचं उत्तर संकलनाच्या टेबलावर जोडलं जातं. मध्ये सासूची प्रतिक्रिया, जावेची प्रतिक्रिया, दारामागे उभ्या असलेल्या मावशीची प्रतिक्रिया, प्रत्येकीला संगीताचा एक ठोका. २०० मिलिसेकंदांच्या जागी चार-पाच सेकंद जातात. कलाकारांनी कितीही जीव ओतला असला तरी दोघांमधली ती बारीक वेळ पडद्यावर उरतच नाही. म्हणून अशा जोडीचं खापर सरसकट कलाकारांवर फोडणं मला अन्यायाचं वाटतं. रंगभूमीवर हीच माणसं महिनाभर तालमी करून उभी राहतात, शंभरेक प्रयोग एकमेकांसमोर करतात, तेव्हा समोरचा आज वाक्य कुठे ओढणार आणि कुठे तोडणार हे त्यांना आधीच जाणवतं. तिथे न जमणाऱ्या जोड्या मला फार कमी दिसल्या आहेत.

शांततेचं काय, असं कुणी विचारेल. प्रेमिक तर न बोलता बसतात. टेम्पलटन यांच्याच गटाने २०२३ साली दोन सेकंदांहून लांब फटी तपासल्या. अनोळखी माणसांमध्ये अशी शांतता अवघडलेपण आणते, मित्रांमध्ये आणत नाही. उलट तिथे ती हसण्याने भरलेली असते, एकत्र काही अनुभवल्याची असते. आपले लेखक दहाव्या भागात ओळख झालेल्या दोघांना एकमेकांकडे टक लावून बघायला उभं करतात, तेव्हा ती अनोळखी माणसांची शांतता असते. तीच नजरानजर दोनशेव्या भागात चालून गेली असती.

पण वेळ साधली की सगळं साधतं, असंही नाही. अमेरिकेच्या 'फ्रेंड्स' मालिकेतली जोई आणि रेचेल ही जोडी इथे फार बोलकी आहे. बरेचसे प्रसंग स्टुडिओत प्रत्यक्ष प्रेक्षकांसमोर, एकाच वेळी अनेक कॅमेऱ्यांनी चित्रित होत, त्यामुळे दोघांचं बोलणं-उत्तर देणं एकाच दमात व्हायचं. या भूमिका करणाऱ्या मॅट लब्लांक आणि जेनिफर ॲनिस्टन यांच्यात विनोदाची वेळ वर्षानुवर्षं मुरलेली. तरीही २००३ साली त्या दोघांना प्रेमात पाडलं, तेव्हा असंख्य प्रेक्षकांना ते रुचलं नाही. स्वतः लब्लांकसह कलाकारांचाही त्या कथानकाला आधी विरोध होता.

मला यात विसंगती दिसत नाही. वेगवान उत्तरातून जवळीक कळते, तिचा प्रकार कळत नाही. बहीण-भाऊ, जुने मित्र, नवरा-बायको, सगळेच एकमेकांना पटकन उत्तर देतात. त्या जवळिकीला प्रेम म्हणायचं की मैत्री, हे प्रेक्षक आधी काय बघितलंय त्यावरून ठरवतो. जोई-रेचेलच्या मागे कित्येक वर्षांची मैत्री होती आणि त्याच मित्रमंडळातल्या रॉस-रेचेलच्या मागे पहिल्या भागापासूनची ओढ. लेखकांनीही हे ओळखलं असावं. दहाव्या पर्वाच्या तिसऱ्याच भागात जोई आणि रेचेलने मित्रच राहायचं ठरवलं आणि मे २००४ मधल्या शेवटच्या भागात रेचेल रॉसकडे परतली.