डोंबिवली : घरं आधी आली, गाड्या मागून

डोंबिवलीहून सकाळी सव्वासात ते साडेनऊच्या दरम्यान फास्ट लोकल पकडणाऱ्याला बसायला जागा सहसा मिळत नाही. कसारा, कर्जत, बदलापूरकडून येणाऱ्या गाड्या कल्याणलाच भरतात. डोंबिवलीपासून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस साधारण ४८ किलोमीटर, म्हणजे फास्ट गाडीने तासाहून थोडं जास्त. तेवढा वेळ उभं राहायचं नसेल तर दोन मार्ग उरतात. एक, डोंबिवलीहूनच सुटणारी लोकल पकडायची. दुसरा, डाऊन गाडीने कल्याणला जाऊन तीच किंवा दुसरी गाडी धरून परत यायचं. या दुसऱ्या मार्गासाठी पास कल्याणपासूनचा लागतो. डोंबिवलीचा पास घेऊन मागे गेलं आणि तिकीट तपासनीस भेटला, तर तो विनातिकीट प्रवासच धरला जातो.

हे असं का झालं, याचं उत्तर रुळांच्या आणि घरांच्या इतिहासात आहे. हे दोन्ही इतिहास कधी एकत्र आखलेच गेले नाहीत.

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली आणि १ मे १८५४ ला ती कल्याणपर्यंत आली. हा मार्ग घाटाकडे, म्हणजे पुण्या-नाशिककडे जाण्यासाठी होता. रोज नोकरीला जाणाऱ्यांचा विचार त्यात नव्हता. डोंबिवलीला स्टेशन मिळालं १८८७ मध्ये. आजूबाजूला भातखाचरं, खाडी, मिठागरं आणि आगरी-कोळ्यांची गावं होती. ठाणे-कल्याण पट्ट्यातला मोठा बदल म्हणजे १९१६ चा पारसिक बोगदा. सुमारे १.३ किलोमीटरच्या या बोगद्याने मुंब्र्याच्या डोंगराला वळसा न घालता सरळ वाट दिली. जुना, मुंब्र्यावरून जाणारा वळणाचा मार्ग स्लो गाड्यांकडे राहिला आणि बोगद्यातला २०२२ पर्यंत फास्ट गाड्यांकडे होता. १९२९ च्या सुमारास या मार्गावर वीज आली. तिच्यासाठी ठाकुर्लीजवळ चोळे इथे रेल्वेचं स्वतःचं वीजघर उभं राहिलं. चोळा पॉवर हाउस हे नाव जुन्या रहिवाशांच्या तोंडी अजून आहे.

यापुढे ठाणे-दिवा टप्प्यात रुळांची संख्या जवळजवळ शंभर वर्षं वाढली नाही. लोकल, मेल-एक्स्प्रेस आणि मालगाड्या अशा सगळ्या त्याच चार रुळांवर धावत राहिल्या. गर्दी वाढली की रेल्वेने डबे वाढवले: नऊ, मग बारा, आणि ऑक्टोबर २०१२ पासून मध्य रेल्वेवर मोजक्या पंधरा डब्यांच्या गाड्या. डबे वाढवणं रूळ वाढवण्यापेक्षा सोपं वाटतं, पण प्रत्येक स्टेशनचा फलाट लांबवावा लागतो, सिग्नल हलवावे लागतात आणि वीजही जास्त लागते. मूळच्या १५०० व्होल्ट डीसी पद्धतीत विद्युतप्रवाह फार मोठा लागतो. म्हणून २५,००० व्होल्ट एसीकडे जाणं भाग पडलं आणि मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर ते २०१५ मध्ये पूर्ण झालं. ठाणे-दिवा पाचवा आणि सहावा रूळ सुरू झाला तो थेट फेब्रुवारी २०२२ मध्ये.

दरम्यान घरं थांबली नव्हती. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या घरांची भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवली. भाड्यातून दुरुस्तीचा खर्चही निघेना, त्यामुळे भाड्याने देण्यासाठी नवी चाळ बांधायला मुंबईत कोणी तयार होईना. गिरगाव, दादर, परळच्या एका खोलीत वाढलेल्या कुटुंबात दुसऱ्या मुलाचं लग्न ठरलं की जागेचा प्रश्न उभा राही. ओनरशिपचा ब्लॉक घ्यायचा, तर ठाण्याच्या अलीकडे परवडत नसे. १९६० चा सहकारी संस्था कायदा आणि १९६३ चा मालकी सदनिकांचा कायदा, म्हणजे ‘मोफा’, यांनी सोसायटी आणि ओनरशिप फ्लॅट या दोन्हींना चौकट दिली. साठ-सत्तरच्या दशकांत बँक, विमा, पोस्ट, रेल्वे, मंत्रालय इथली नोकरदार मराठी कुटुंबं मोठ्या संख्येने डोंबिवलीत आली. सोबत वाचनालयं, नाट्यसंस्था, शाळा उभ्या राहिल्या. १९२४ चं गणेश मंदिर आणि फडके रोड हे गावाचं मध्य झालं.

त्या काळच्या इमारतींचा साचा जवळपास एकच होता: तळमजला अधिक तीन, लिफ्ट नाही, एका मजल्यावर चार ब्लॉक. लिफ्टचा खर्च नाही आणि पायाही हलका चालतो, म्हणून दर परवडायचा. आज हाच साचा अडचणीत आहे. संडास-बाथरूमची गळती, काँक्रीटचं पातळ आवरण आणि खाडीकडची दमट हवा यांमुळे आतली सळई गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून काँक्रीट फुगतं आणि तुकडे पडू लागतात. वरून प्लॅस्टर मारलं तर दोन पावसाळे जातात, आजार तसाच राहतो. ३० वर्षांहून जुन्या इमारतीची संरचनात्मक तपासणी बंधनकारक आहे ती यासाठीच.

पुनर्विकासात मात्र खरी गाठ कागदाची असते. पुष्कळ सोसायट्यांच्या सातबाऱ्यावर अजून मूळ जमीनमालकाचं किंवा बिल्डरचं नाव आहे. अशा वेळी जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे मालकाच्या सहीशिवाय जमीन सोसायटीच्या नावावर करून घेण्याचा, अर्ज करावा लागतो. त्यासाठी फ्लॅटचे नोंदणीकृत करारनामे, इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयाचा उतारा), मंजूर नकाशा आणि मालमत्तापत्रक लागतं. चाळीस वर्षांत दोन-तीनदा विकल्या गेलेल्या फ्लॅटची साखळी एका जागी तुटली की सगळ्यांचं काम अडू शकतं. जिथे मंजूर नकाशाच नाही, तिथे प्रश्न आणखी बिकट. कल्याण-डोंबिवली महापालिका झाली १९८३ मध्ये, तोवर बरंच बांधकाम होऊन गेलं होतं. आसपासची २७ गावं २००२ मध्ये महापालिकेतून बाहेर गेली आणि २०१५ मध्ये परत आली. मधल्या काळातल्या बांधकामांचा निस्तार अजून चालू आहे.

नवरा-बायको दोघंही आठच्या आत घराबाहेर आणि साडेसातनंतर घरी, या वेळापत्रकातून इथली बाजारपेठ घडली. पोळीभाजी केंद्रं, स्टेशनबाहेर निवडलेली-चिरलेली भाजी, पाळणाघरं हे सगळं डोंबिवलीत रुळलं. गाडीतही तसंच. तिघांच्या बाकावर चौथ्याला टेकू देणं किंवा ठाण्यानंतर बसलेल्याने उठून उभ्या असलेल्या मित्राला बसवणं, हे नियम कुठे लिहिलेले नाहीत, पण ते पाळले जातात. इतकी वर्षं या गर्दीत माणसं टिकली ती या समजूतदारपणावर, हे नोंदवायलाच हवं. रविवार हा हाताशी असलेला एकच दिवस, आणि रूळ-तारांच्या कामासाठी मेगाब्लॉकही, म्हणजे काही तास गाड्या बंद ठेवणंही, त्याच दिवशी असतं.

नोकऱ्यांची दिशाही बदलली. नोव्हेंबर २००४ मध्ये ठाणे-वाशी लोकल आणि २०१४ मध्ये घाटकोपर-वर्सोवा मेट्रो सुरू झाली. पूर्वी फोर्टपर्यंत जाणारा लोंढा आता ठाणे, घाटकोपर, कुर्ला इथे फुटतो. म्हणून ठाण्याला उतरणाऱ्याने डोंबिवलीत दाराशीच राहायचा प्रयत्न करणं समजण्यासारखं आहे. आत गेलं तर वेळेत बाहेर येता येत नाही. दारातल्या गर्दीचं हे मोठं कारण आहे. ९ जून २०२५ ला मुंब्र्याच्या वळणावर दोन लोकल शेजारून जाताना दारातले प्रवासी खाली पडून मृत्युमुखी पडले. त्यानंतर साध्या लोकलनाही आपोआप बंद होणारे दरवाजे बसवण्याचं रेल्वेने जाहीर केलं. दरवाजे बंद झाले की डब्यात हवा खेळती ठेवण्याची सोय आधी करावी लागेल, कारण आज ती मुख्यतः उघड्या दारांतूनच होते.

नवी वाढ कल्याण-शीळ रस्त्यावर आहे, उंच टॉवर आणि हजारो फ्लॅट. तिथल्या बहुतेकांना लोकलसाठी शेअर रिक्षा किंवा बसने डोंबिवली स्टेशनच गाठावं लागतं, आणि पूर्वेकडच्या अरुंद रस्त्यांवर सकाळी तीच रिक्षांची रांग उभी असते. पूर्व-पश्चिम जोडणारा कोपर पूल दुरुस्तीसाठी बंद झाला आणि २०२१ मध्ये पुन्हा सुरू झाला. तोवर सगळी वाहतूक ठाकुर्लीच्या पुलावर आली होती, आणि स्टेशनला पोचायलाच लोकलच्या अर्ध्या प्रवासाइतका वेळ लागत होता.