पुस्तकं मोजू नका, शोधू द्या

२० मे २०११ च्या संध्याकाळी न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयाच्या मुख्य इमारतीत ५०० माणसं शिरली, ती सकाळीच बाहेर पडली. इमारतीच्या शताब्दीनिमित्त जेन मॅकगॉनिगल यांनी ‘फाइंड द फ्यूचर’ हा खेळ रचला होता. संग्रहातल्या १०० वस्तू हुडकायच्या, क्यूआर कोड मोबाइलने टिपायचा आणि त्या वस्तूवरून काही लिहायचं. जेफरसनच्या हस्ताक्षरातला अमेरिकी स्वातंत्र्याचा जाहीरनामा सापडला? मग आता स्वतःचा जाहीरनामा लिहा! रात्रभरात या लेखनाचं पुस्तक बांधून तयार झालं आणि त्याच ग्रंथालयात दाखल झालं.

कुणी किती पुस्तकं वाचली, हा प्रश्नच या खेळात नव्हता. वाचनालयात खेळ आणायचा म्हटलं की आपल्याला मात्र आधी गुण, बिल्ले आणि पहिल्या दहांची यादी सुचते. इंग्लंडमधल्या हडर्सफील्ड विद्यापीठाच्या ‘लेमनट्री’ उपक्रमात पुस्तक नेण्याचेही गुण मिळत. गंमत म्हणून ठीक, पण इथे एक खड्डा आहे.

तो दाखवला १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी. स्टॅनफर्डच्या बालवाडीतली, मुळातच चित्रं काढायला आवडणारी मुलं त्यांनी निवडली. काहींना आधीच सांगितलं, ‘चित्र काढलंस तर प्रशस्तिपत्र मिळेल.’ काहींना ते अचानक दिलं, काहींना काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी वर्गात पुन्हा स्केचपेनं ठेवली. ज्यांना बक्षीस आधीच कबूल केलं होतं, ती मुलं त्या पेनांशी इतरांच्या निम्माच वेळ रमली. अचानक बक्षीस मिळालेल्यांची गोडी मात्र टिकली. म्हणजे बक्षिसापेक्षा सौदा बाधला. ‘मी हे कशासाठी करतोय?’ याचं उत्तर मुलांच्या मनात बदललं असावं. ज्याला वाचनाची आवडच नाही, त्याला पहिल्यांदा आत आणायला आमिष चालेलही. पुस्तकातल्या किड्याला ते कशाला?

अमेरिकेतल्या अ‍ॅन आर्बरच्या ग्रंथालयाचा उन्हाळी खेळ मला म्हणूनच आवडतो. गुण तिथेही आहेत, पण ते मिळवायला गावात, ग्रंथालयाच्या शाखांत, अगदी पुस्तकांच्या ऑनलाइन सूचीतही दडवलेले सांकेतिक शब्द हुडकावे लागतात. सूची चाळता चाळता माणूस तिसऱ्याच पुस्तकावर जाऊन आदळतो.

हे आदळणं वाया जात नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी २०१४ साली लोकांना सामान्यज्ञानाचे प्रश्न विचारले आणि उत्तर दाखवण्याआधीच्या काही सेकंदांत एका अनोळखी माणसाचा चेहरा दाखवला. ज्या प्रश्नांच्या उत्तराची उत्सुकता जास्त, त्या वेळी दिसलेला चेहराही नंतर जास्त लक्षात राहिला, त्याचा प्रश्नाशी काडीचा संबंध नसताना! उत्सुकतेच्या त्या क्षणांत मेंदूतली बक्षिसाशी जोडलेली यंत्रणा जागी होती आणि आठवणी साठवणारा हिप्पोकॅम्पसही. कपाटात एक पुस्तक शोधताना शेजारचं डोक्यात घर करून बसतं, ते बहुधा असंच.

आपल्याकडच्या कितीतरी वाचनालयांत मात्र सभासद अजून खिडकीशी उभा राहून नाव सांगतो आणि पुस्तक आतून येतं. तिथे आधी त्याला कपाटापर्यंत जाऊ द्या. बिल्ले छापायचं मग बघू.