मॅकिन्लीचा बिल्ला: १८९६ चा की १९७२ चा?

अमेरिकेतल्या जुन्या वस्तूंच्या बाजारात निवडणुकीच्या बिल्ल्यांचा एखादा ट्रे हमखास सापडतो. त्यात १८९६ ची अध्यक्षपदाची निवडणूक लढवलेल्या विल्यम मॅकिन्लीचा बिल्ला दिसला की चेहऱ्यावर भाळू नका, आधी तो उलटा करा. चेहरा अस्सल आणि नक्कल दोन्हींवर तोच असतो. फरक मागे आणि कडेला असतो.

असे पिनेचे बिल्ले येण्याआधी अमेरिकन मतदार आपली पसंती मिरवायचा ती बहुतेक कपड्यांतून. वॉशिंग्टनच्या १७८९ च्या शपथविधीची पितळी बटणं चक्क कोटाला शिवलेली असत. १८८८ मध्ये उपाध्यक्षपदाला उभे राहिलेले ॲलन थर्मन तपकीर ओढायचे आणि लाल रुमाल बाळगायचे. तो रुमालच प्रचाराचं निशाण होऊन बसला. मग न्यूअर्कच्या (हो, मराठी मंडळांच्या न्यू जर्सीतलंच) व्हाइटहेड अँड होग कंपनीने सेल्युलॉइडचा (म्हणजे जुन्या काळच्या प्लास्टिकचा), पिनेने टोचायचा बिल्ला आणला. पेटंट १८९६ चं, आणि त्याच वर्षी चलन सोन्यावरच आधारलेलं हवं म्हणणारा मॅकिन्ली विरुद्ध चांदीचीही नाणी हवीत म्हणणारा ब्रायन अशी लढत. बिल्ल्यांचा नुसता सुकाळ झाला.

हा अस्सल बिल्ला म्हणजे थरांचं काम. पत्र्याच्या चकतीवर छापील कागद, त्यावर सेल्युलॉइडचा पातळ पारदर्शक पापुद्रा, आणि सगळ्याच्या कडा मागे वळवून धातूच्या कड्यात घट्ट बसवलेल्या. मागची बाजू पोकळ, तिथे तारेची पिन. पुष्कळदा आत एक गोल कागदही असतो, त्यावर कंपनीचं नाव आणि पेटंटच्या तारखा.

नक्कल बहुधा एकाच पत्र्याची. चित्र थेट पत्र्यावर छापून चकती दाबून काढलेली. ना पापुद्रा, ना आतला कागद. अशा नकला मुळात फसवायला काढलेल्या नव्हत्या. टिश्यू पेपरवाल्या क्लीनेक्सने १९६८ मध्ये आणि अमेरिकन ऑइल या तेल कंपनीने १९७२ मध्ये जाहिरातीसाठी जुन्या बिल्ल्यांचे संच काढले. वळलेल्या कडेवर बारीक अक्षरांत तशी खूणही छापली. कुणी ती खरवडतं, कुणी वर रंग फासतं. कडेवर एवढ्याच जागी धातू उघडा पडलेला दिसला, तर विक्रेत्याच्या पणजोबांची गोष्ट ऐकत बसू नका.

थेट छापील पत्र्याचा बिल्ला पहिल्या महायुद्धाच्या सुमारास आला. त्यामुळे तसा मॅकिन्ली म्हणजे नक्कलच, विषय संपला. मात्र हा नियम पुढच्या काळाला लावला तर फसाल. १९५२ चे ‘आय लाइक आइक’चे (आइक म्हणजे आयसेनहॉवर) कितीतरी बिल्ले पत्र्याचेच आहेत आणि अस्सल आहेत. उलट आजही प्लास्टिकखाली कागद घालून कुणीही मॅकिन्ली बनवू शकतो. निव्वळ चकाकीवर जाऊ नका. अशा वेळी भिंग घ्या. जुन्या बिल्ल्यात ओल शिरून कागदावर तपकिरी डाग पडतात, कड्याला गंज येतो. जुन्या बिल्ल्याचा फोटो काढून बनवलेल्या नकलेत मूळचे ओरखडेसुद्धा छापले जातात: डोळ्यांना दिसतात, नखाला लागत नाहीत. मला सगळ्यांत भरवशाची वाटते ती हीच खूण.

१९७३ पासून अमेरिकेत कायदा आहे: राजकीय वस्तूच्या नकलेवर ती बनवल्याचं साल कायमचं उमटवलं पाहिजे. क्लीनेक्स आणि अमेरिकन ऑइलचे संच त्याच्या आधीचे. आणि फसवून विकणारा माणूस कायदा वाचून थोडाच बसतो!

या छंदातलं मोठं घबाड म्हणजे १९२० मध्ये अध्यक्ष-उपाध्यक्षपदाला उभ्या राहिलेल्या कॉक्स आणि फ्रँकलिन रूझवेल्ट या जोडीचा, दोघांचे चेहरे शेजारीशेजारी असलेला बिल्ला. हरलेल्या उमेदवारांचा, थोडकाच निघालेला, म्हणून अतिशय दुर्मिळ. त्याच्या नकला मात्र मुबलक. ट्रेमध्ये दोन डॉलरला दिसला तर खुशाल घ्या, पण दोन डॉलरचाच समजून.